लख्ख आलेली माणसं

मला वाचता येत नव्हतं आणि बाईंना दिसत नव्हतं, आणि आम्ही दोघांनी मिळून कपाटभर इंग्रजी पुस्तकं वाचली. हे मी कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्या तोंडाकडं बघतात आणि मग परत हसतात. हसू द्या. जन्मभर मी तेच काम केलंय, पगार मिळाला नाही एवढंच. आत्तासुद्धा हे मी लिहीत नाहीये. मी फोनसमोर बोलतोय, फोन लिहितोय, आणि माझी नात शेजारी बसून त्याच्या चुका काढतेय. अधूनमधून ती माझ्याही काढते, पण त्या जास्त असल्यामुळं तिनं आता सोडून दिलंय.

शाळा मला लाभली नाही, आणि शाळेला मी. लोणी काळभोरच्या शाळेत मी पहिलीत इतकी वर्षं काढली की नवीन मास्तर आले की त्यांना शाळेची माहिती मीच द्यायचो. शेवटी मास्तरांनी मावशीला बोलावलं आणि हात जोडून सांगितलं, "ह्याला घेऊन जा. पोरं ह्याच्याकडं बघतात, फळ्याकडं कुणी बघत नाही." मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, अनसूया. आई मी वर्षाचा व्हायच्या आत तापानं गेली. बापानं दुसरं लग्न केलं आणि दौंडकडं कुठंतरी निघून गेला, तो गेलाच. मावशीचंही लग्न झालं होतं, पण सासरच्यांनी निरोप पाठवला की येताना ते पोर आणू नको, म्हणून ती नांदायलाच गेली नाही. हे तिनं मला कधी सांगितलं नाही. गावानं सांगितलं. गाव असल्या गोष्टी फार आवडीनं सांगतं.

पुढं मावशी मला घेऊन पुण्यात आली आणि प्रभात रोडच्या एका गल्लीत बाईंकडं स्वयंपाकाला लागली. बाई कॉलेजात इतिहास शिकवायच्या. काचबिंदूनं डोळे गेले आणि नोकरीही गेली. लग्न केलेलं नव्हतं. घर दगडी, बैठं, आणि भोवती आंब्याची झाडं इतकी दाट की भर दुपारी आत दिवेलागण झाल्यासारखं वाटायचं. बाईंना त्याचं काहीच नव्हतं. गंमत अशी की दिसणारे आम्ही दोघं त्या घरात चाचपडत फिरायचो, आणि न दिसणाऱ्या बाई सरळ चालत जायच्या. पहिल्याच आठवड्यात मी दिवाणखान्यातल्या तिपाईला अडखळून तोंडावर आपटलो, तर कोपऱ्यातल्या खुर्चीतून शांतपणे आवाज आला, "डोळे असून काही फायदा होत नाही, बघ." त्या खुर्चीत कुणी बसलंय हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं. बाई बसल्या की हलायच्या नाहीत. श्वास घेतलेलासुद्धा कळायचा नाही.

मागच्या अंगाला एक खोली होती, ती आम्हाला दिली होती. खोलीत एक पत्र्याची ट्रंक, एक कांबळं, दोन ताटं, आणि भिंतीवर खिळ्याला आमची एकुलती एक चैनीची वस्तू, आईचा फोटो. फ्रेम काळी, आत अंड्याच्या आकाराचा कापलेला पुठ्ठा, आणि त्यातून दिसणारी आई. खुर्चीत ताठ बसलेली, नऊवारी लुगडं, नाकात नथ, डोळे जरासे वर लागलेले. मांडीवर मी. माझं तोंड पुसल्यासारखं, कारण मी हललो होतो. पण आईचा हात माझ्या पोटावर होता, पाचही बोटं दिसतील असा. तो हात म्हणजे माझी इस्टेट. लोणीत पोरं म्हणायची, किसन्याला आईच नव्हती, किसन्या कालव्यात सापडला. मी त्यांना घरी ओढत न्यायचो आणि फोटो दाखवायचो. "बघा. धरलंय का नाही?" पोरं ती पाचही बोटं बघून परत जायची. बाकी माझ्यावर कुणीही हसो, मी स्वतः त्यात सामील व्हायचो. त्या हातावर मात्र मी कधी कुणाला हसू दिलं नाही.

मावशी रोज फोटो पुसायची, पण हार घालू द्यायची नाही. दसऱ्याला मी एकदा झेंडूचा केला, तर तिनं तो हिसकावून दाराला बांधला. "हार घातला की मानूस गेलं. ऱ्हाऊ दे तिला तशीच."

त्या घराची आठवण म्हटलं की मला आधी स्टोव्ह ऐकू येतो. पितळेचा, पंप मारायचा, आणि पेटला की फरफर असा चालायचा की घराला ताप भरल्यासारखं वाटायचं. मग भाकरी थापल्याचा आवाज. मावशीच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती, लहानपणी गवत कापताना विळा लागलेला. ती बोटात मिटायची नाही, त्यामुळं तिच्या प्रत्येक भाकरीच्या काठाला एक खोक पडायची. कुठंही जेवायला बसवा, मावशीची भाकरी मी हजारात ओळखली असती. बाईंना भाकरी चालायची नाही. त्यांना मऊ भात, मेतकूट, वर तूप, आणि चहा इंग्रजी पद्धतीचा, म्हणजे चहा वेगळा, दूध वेगळं. मावशी ट्रे नेताना पुटपुटायची, "चहाचं आन् दुधाचं भांडान झाल्यागत." एकदा बाईंनी तिला इंग्लंडच्या अनाथाश्रमातली पेज करायला सांगितली. ओटचं पीठ कुठून आणायचं, मावशीनं ज्वारीचं घेतलं. बाईंनी चमचा तोंडात घातला आणि म्हणाल्या, "अनसूयाबाई, ही चांगली झालीय. तिथं एवढी चव नसायची."

"मग मीठ काढून घिऊ का?" मावशी म्हणाली.

उरलेली सगळी पेज इंग्लंडचा अनाथ म्हणून मी संपवली.

आता वाचनाचं. बाई तरुणपणी इंग्लंडला शिकायला गेल्या होत्या आणि येताना पेट्या भरून पुस्तकं आणली होती. त्यांत राजे-राण्या नव्हत्या. बाई म्हणायच्या, राणी काय करत होती ते सगळ्यांना ठाऊक आहे, राणीची भांडी कोण घासत होतं ते मी शिकवत होते. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी येऊन वाचून दाखवायची, पण बाई तिचे उच्चार दर ओळीला सुधारायच्या. एक दिवस ती आली नाही, ती कधीच आली नाही. मग उरलो मी. माझे उच्चार सुधारायचा प्रश्न नव्हता, मला अक्षरच येत नव्हतं. पण त्या पुस्तकांत चित्रं होती. मी पान उलटायचं, चित्र सांगायचं, आणि चित्रावरून बाईंना पान आठवायचं. मग त्या त्या पानावरचं सगळं मराठीतून सांगायच्या, जसं काही परवाच शेजारच्या गल्लीत घडलं.

पहिल्या दिवशी मी म्हणालो, "एक माणूस आहे. लांब बांबू घेऊन वरच्या खिडकीला टोचतोय. हलकट दिसतोय. चोर असणार."

"चोर खिडकी वाजवून येतो का?"

"नवीन असेल."

"किसन, एक नियम लक्षात ठेव. दिसतं तेवढं सांग. वाटतं ते इंग्लंडच्या राणीला कळव, मला नको."

मग त्यांनी सांगितलं, तिकडं गिरण्यांत पहाटे जावं लागायचं आणि गरिबाकडं घड्याळ नसायचं, म्हणून हा माणूस काठीनं खिडक्या वाजवत हिंडायचा, लोकांना उठवायला. मी विचारलं, "मग ह्याला कोण उठवायचं?" बाई म्हणाल्या, "हा प्रश्न दर वर्षी शेवटच्या बाकावरचा मुलगा विचारायचा. आला वाटतं तो घरी."

असं करत करत मी इंग्लंडच्या सगळ्या गरिबांना ओळखायला लागलो. धुराडं साफ करायला आत सोडलेली काळी पोरं. सोमवारी नवऱ्याचा चांगला कोट गहाण टाकून शनिवारी सोडवून आणणाऱ्या बायका. घरात कुणी गेलं की आरशावर कपडा टाकायचा, घड्याळ थांबवायचं. मावशी स्वयंपाकघरातून ऐकत असायची. मधेच स्टोव्ह मंद करून म्हणायची, "आमच्यात बी हाय की गहाण टाकायचं, पितळंचा हंडा." बाईंना ते आवडायचं. "ऐकलंस? आणि लोक म्हणतात, हे परक्या देशाचं."

एका दुपारी बाई म्हणाल्या, "सगळ्यात खालच्या फळीवर काळं पुस्तक असेल. मखमलीचं. ते काढ."

ते हाताला कसं लागलं ते मला अजून आठवतं. बाकी पुस्तकं कोरडी असायची. हे गार होतं, ओल्या जनावराच्या पाठीसारखं. आत चित्रं नव्हती, फोटो होते. पहिल्या फोटोत तीन मुली कोचावर बसलेल्या. मी सांगायला लागलो. "दोन्ही बाजूच्या मुली धुरासारख्या आल्यात. नाकडोळे नीट दिसत नाहीत. मधली एकदम लख्ख आहे. बुटाचं बटण दिसतंय. फोटोवाला काही कामाचा नव्हता, बाई. एकच पोरगी नीट काढली."

"त्या काळी कॅमेऱ्याचं झाकण बराच वेळ उघडं ठेवायला लागायचं," बाई म्हणाल्या. "तेवढा वेळ पापणीसुद्धा हलवायची नाही. पोरींना ते कसं जमणार? श्वास घेतला तरी माणूस हलतं. त्या दोघी हलल्या."

"आणि मधली?"

"मधली नाही हलली."

"शहाणी होती."

स्वयंपाकघरातला स्टोव्ह बंद झाला. एवढी शांतता मी त्या घरात आधी ऐकली नव्हती. मी परत फोटोकडं बघितलं. मधल्या मुलीच्या केसांची एकेक बट दिसत होती. शेजारच्या दोघी तिच्यापासून जरा लांब सरकून बसल्या होत्या, म्हणजे त्यांचा धूर सरकला होता. मग मला कळलं, आणि मी पुस्तक मांडीवरून जरा लांब सरकवलं.

"घरात दुसरा फोटोच नसायचा," बाई म्हणाल्या. "मूल गेल्यावर शेवटचा म्हणून काढून घ्यायचे. सगळ्यांच्या मधे बसवून. कधी मिटलेल्या पापण्यांवर नंतर ब्रशनं डोळे काढायचे, उघडे दिसावेत म्हणून. आपल्याकडंही काढतात, फक्त हार घालून. पान उलट."

मावशी दारात आली. "बाई, ते पुस्तक नका काढत जाऊ. पोरगं भ्यालं."

"पोरगं मिशी कोरतंय, अनसूयाबाई."

"तरी नगं."

पण पोरगं भ्यालं असलं तरी त्याला ते पुस्तक सोडवेना. रोज दुपारी मी स्वतःच काढायचो. मला एकदम एक विद्या आल्यासारखं झालं होतं. पहिली पास न झालेला मी पान उलटल्या उलटल्या सांगायचो, "बाई, डावीकडचा म्हातारा." आणि बाई म्हणायच्या, "बरोबर." नवरा-बायको, बाप-लेक, जुळी भावंडं. हललेलं ते जिवंत, लख्ख आलेलं ते गेलेलं. जन्मात मला एवढे मार्क कुणी दिले नव्हते.

वाईट म्हणजे ही विद्या घराबाहेर पण चालायला लागली. मंडईत कोथिंबिरीच्या ढिगामागं एक म्हातारी बसायची, हलायची नाही. मी तिच्यासमोर उभा राहायचो, ती माशी हाकलेपर्यंत. बसस्टॉपवर ताठ उभा असलेला माणूस दिसला की मी मुद्दाम खोकायचो. एकाला धक्का दिला, त्यानं माझ्या कानाखाली वाजवली, मला इतकं बरं वाटलं की मी त्याला थँक्यू म्हणालो. आणि घरी बाई. दुपारी कोपऱ्यातल्या खुर्चीत त्या बसलेल्या असायच्या, अंधारात नुसता चेहरा, रेष न् रेष दिसणारा. मी काहीतरी निमित्त काढून बोलायला लावायचो. स्वतः तर मी सारखा हलतच असायचो. जेवताना पाय, बोलताना मान. मावशी म्हणायची, "अंगात काय आलंया का तुझ्या?"

मग एक फोटो आला. मी म्हणालो, "तान्हं बाळ आहे. खुर्चीवर बसवलंय. खुर्चीवर मोठी चादर टाकलीय, आणि..."

"आणि?"

"बाई, खुर्चीला हात आहेत."

"सगळ्याच खुर्च्यांना असतात."

"लाकडाचे नाहीत. माणसाचे. चादरीतून बाहेर आलेत आणि बाळाला धरलंय."

बाई हसल्या. "हे बाळ जिवंत आहे, घाबरू नकोस. ते हलू नये म्हणून आई चादरीखाली बसलीय. फोटो बाळाचा हवा होता ना. आई दिसायला नको होती. असे पुष्कळ आहेत." मला मात्र तो फोटो मेलेल्यांपेक्षा भयंकर वाटला. ते चादरीखालचं डोकं, त्याचा उंचवटा. तिथं कुणीतरी श्वास धरून बसलंय आणि आपण बघतोय हे तिला कळतंय, असं.

आता माझी अक्कल बघा. मला वाटलं, बाई रोज आपल्याला पकडतात, एकदा आपण त्यांना पकडू. आईचा फोटो पुस्तकात ठेवायचा आणि इंग्लंडचा म्हणून सांगायचा. बाई म्हणतील, हे पान मला आठवत नाही, आणि मग मी सांगणार, आठवणार कसं, ही माझी आई आहे. आईची ओळखही करून द्यायची होती. बाईंचं आमच्याकडं येणं नव्हतं, आणि आल्या असत्या तरी फोटो दिसला नसता. मावशी पीठ मळत होती तेवढ्यात मी फ्रेम काढली, मागचे खिळे वाकवले, पुठ्ठा बाजूला केला आणि फोटो शर्टाखाली घालून आणला. पुठ्ठ्यातून बाहेर काढलेला तो फोटो मी जन्मात पहिल्यांदा बघणार होतो, आणि तोही बाईंच्या समोर बसून.

काळ्या पुस्तकात ठेवला, पान उघडलं आणि गंभीर आवाज काढला. "एक बाई आहे. खुर्चीत बसलीय. अंगात झगा आहे." लुगड्याचा झगा केला म्हणून मी मनात खूष. "मांडीवर मूल आहे. बाईच्या नाकात नथ..."

जीभ चावली. बाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मला वाटलं, सुटलो.

"डोळे?" त्यांनी विचारलं. आवाज जरा खाली आला होता.

"उघडे. जरासे वर."

"मुलाकडं बघतायत?"

"नाही."

"हात?"

"एक मुलाच्या पोटावर." हे मी मोठ्यांदा सांगितलं.

"बोटांनी मुलाला धरलंय, की नुसती ठेवलीत?"

असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी बघितलं. पोरांना दाखवताना शंभरदा बघितलेली ती बोटं, पोटावर सरळ पडलेली. मुलाच्या झबल्याला एक चुणी पडली नव्हती.

"ठेवलीत," मी म्हणालो.

"मागं काय आहे?"

"घोंगडी. टांगलेली. पुठ्ठ्याखाली होती, मला आधी दिसली नव्हती... मधे फुगलीय. आणि बाई, घोंगडीच्या कडेनं एक हात आलाय. तिच्या दंडाला धरलंय. घट्ट. करंगळी वेगळी आहे, वाकडी."

"मूल?"

"धूर. त्याला तोंड नाही."

"आणि ती?"

मी तोंड उघडलं. लुगड्याची किनार, नथीचा एकेक मोती, कपाळावरचं कुंकू. शब्द माझ्याकडं तयार होता, महिनाभर मी तोच शब्द वापरून मार्क मिळवत होतो.

"दिसतं तेवढं..." बाई सवयीनं म्हणाल्या आणि एकदम थांबल्या. हात पुढं केला, हवेतच. "नको. किसन, मिट ते पुस्तक. मला नथीलाच कळलं होतं. मी विचारायला नको होतं."

मला हसू आलं. खरं सांगतो, दुसरं काही आलंच नाही. इतकी मोठी थट्टा मी आयुष्यात केली नव्हती आणि ती मी एकट्यानं स्वतःवर केली होती. मी हसतोय आणि ते थांबत नाहीये, असं किती वेळ चाललं कोण जाणे. मग लक्षात आलं की स्टोव्ह केव्हाचा बंद आहे. मावशी दारात उभी होती. हाताला पीठ. डावा हात चौकटीवर, करंगळी वेगळी.

"फ्रेम मोडलीस का रं?" ती एवढंच म्हणाली.

"ती बसलेली नव्हती," मी म्हणालो.

"बसवली हुती."

"अनसूयाबाई, आत या," बाई म्हणाल्या. "बसा." मावशी त्या दिवाणखान्यात कधी बसली नव्हती. त्या दिवशीही कोचाच्या अगदी कडेला टेकली.

"आप्पांनी, म्हंजी आमच्या बापानं, फोटोवाला आनला पुण्यासनं," ती जमिनीकडं बघून सांगायला लागली. "भिताडाला टेकवून, हार घालून काढायचा म्हनत हुतं, सगळ्यांचा काढत्यात तसा. मी म्हनलं, हार न्हाई घालायचा. पोरगं मोठं झाल्यावर काय बघंल? मेलेली आई? तिचा दुसरा फोटू न्हवता. मग खुर्चीत बसवली. मान ऱ्हाईना. मग मी मागं घोंगडी धरून बसले, आन् तिला धरली."

"आणि मला कुणी धरलं?"

"तुला कोन धरनार? हात दोनच. तू तिच्या छातीला झोंबत हुतास, दूध मागत. घरात उजेड कमी, फोटूवाला झाकन लई येळ उघडं ठिवायचा आन् वरडायचा, पोर धरा, पोर धरा. तुला धरलं असतं तर ती पडली असती."

"तिचा हात?"

"मीच ठिवला. पोटावर."

माझी इस्टेट गेली. मला आठवतंय, मी तेव्हासुद्धा पाय हलवत होतो, बसल्या बसल्या, जोरात, आणि मला तो थांबवता येत नव्हता.

"डोळे उघडे कसे?" बाईंनी हळू विचारलं.

"मिटलेलंच हुतं. फोटूवाला म्हनला, नंतर ब्रशनं काढतो, कसं हुतं तिचं डोळं? मला सांगाया येईना. बहिनीचं डोळं कसं सांगनार? मग म्हनला, चल, तू समोर बस. त्याच्या दुकानात बसले. त्यो ब्रश वर धरायचा, मी ब्रशाकडं बघायची."

बाईंनी हात पुढं केला, मी फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्याच्यावरून बोट फिरवलं, कागदच तो, काय लागणार. "मी ह्या विषयावर शिकवलं," त्या म्हणाल्या. "मागं कोण बसलं होतं त्यांची नावं एकाही पुस्तकात नाहीत." मग फोटो माझ्याकडं परत देऊन, "अनसूयाबाई, चहा ठेवा. आज दूध एकत्रच घाला."

फोटो परत फ्रेममधे गेला, परत खिळ्याला. पण मी त्या खोलीत पहिल्यासारखा कधी जेवलो नाही. मावशी खाली बसून भाकरी वाढायची आणि वर भिंतीवर तेच डोळे, एक जोडी मिटायची-उघडायची, एक नाही. घास तोंडात घेऊन मी वर बघायचो, खाली बघायचो. कितीदा वाटलं की वरचे आत्ता मिटतील. मिटले नाहीत. आणि खाली भाकरीच्या काठाला करंगळीची खोक असायची, तिथून मी सुरुवात करायचो.

बाई गेल्या, पुस्तकं कुठं गेली ठाऊक नाही. मी कात्रजला वडापावची गाडी टाकली, लग्न केलं, मुलं झाली, लोकांना हसवलं. माझे जेवढे जुने फोटो आहेत त्यात मी हललेला आहे. लग्नाच्या फोटोत बायकोशेजारी कुणीतरी वाफ सोडल्यासारखं दिसतं, तो मी. मुद्दाम हलायचो. हे कुणाला सांगितलं नव्हतं. आता फोन आले आणि माझी पंचाईत झाली. कितीही हला, सगळे लख्ख येतात. नात असे शेकडो फोटो दाखवते, लग्नातले, वाढदिवसाचे, सगळी माणसं लख्ख, केस न् केस, आणि मी म्हणतो छान आहेत आणि फोन लवकर परत देतो.

मावशी शेवटपर्यंत माझ्याकडं होती. फोटो काढायचा म्हटलं की उठून सगळ्यांच्या मागं जायची. "मी हाय की मागं," म्हणायची. मागच्या वर्षी ती गेली, झोपेतच, भर सकाळी मी चहा घेऊन गेलो तेव्हा कळलं. लोक जमले, कुणीतरी पाट मांडला, फुलं आणली आणि म्हणालं, फोटो आणा. फोटोच नव्हता. आधार कार्डावरचा होता, पण तो बघून ती स्वतःच म्हणायची, ही कोन बाई पकडून आनलीय? मग मी आत गेलो आणि खिळ्यावरची फ्रेम काढली. पुठ्ठा काढून टाकला, नुसती काच ठेवली, म्हणजे घोंगडी दिसेल, हात दिसेल. पाटावर ठेवला.

"अहो, ही तर तुमची आई," शेजारच्या बाई म्हणाल्या. "मावशींचा नाही का एखादा?"

"नीट बघा," मी म्हणालो. "दोघी आहेत."

आणि हार घातला. इतकी वर्षं तिनं घालू दिला नव्हता, आता नाही म्हणायला कुणी नव्हतं. घातला आणि उभा राहिलो. ते डोळे माझ्या डोक्याच्या जरा वर बघत होते, तिथं ब्रश असल्यासारखे. पाय हलवायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. किती वेळ उभा होतो कोण जाणे, मागून नात म्हणाली, "आजोबा, काय मस्त फोटो आलाय तुमचा! पहिल्यांदाच एवढे स्थिर उभे राहिलात."

तो तिच्या फोनमधे आहे. मी अजून बघितलेला नाही.